आधी पाठ बघा : जुन्या हत्यारांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की घरातली जुनी हत्यारं भंगारात घालण्याआधी एकदा मला विचारा. पत्रं बरीच आली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांत पहिला प्रश्न एकच : गंज कसा काढायचा? शाळेच्या कार्यशाळेत मी सत्तावीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं. दर वर्षी नवी तुकडीही नेमका हाच प्रश्न आधी विचारायची. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, की आधी हे हत्यार काम कुठे करतं ते शोधा. पटाशी काम करते ती धारेच्या केसाएवढ्या रेषेत, करवत दातांच्या टोकांवर आणि रंधा तळाच्या तीन-चार जागांवर. मेहनत तिथे घ्या. बाकीचं अंग काळं, डागाळलेलं, खरबरीत राहिलं तरी लाकडाला त्याचा पत्ता लागत नाही.

प्रश्न : बाई, वडिलांच्या पेटीत पाच पटाश्या सापडल्या, सगळ्या गंजलेल्या. एकानं सांगितलं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, दुसरा म्हणतो ड्रिलला तारेचा ब्रश लावून घासून काढा. कोणाचं ऐकू?

आज दोघांचंही नको. एक जुनं फडकं रॉकेलमध्ये भिजवा, पाचही पटाश्या नीट पुसा आणि रात्रभर तशाच ओल्या ठेवा. सकाळी पुन्हा पुसल्यावर तुम्हाला दोन प्रकारचा गंज दिसेल. एक लाल, भुकटीसारखा, बोटाला लागणारा. तो जायलाच हवा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि खाली खात राहतो. दुसरा काळसर, गुळगुळीत, पोलादाला घट्ट धरलेला. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता एकेक पटाशी खिडकीपाशी न्या आणि उतार नव्हे, तिची पाठ बघा. पाठ म्हणजे सपाट बाजू, उतार म्हणजे तिच्यासमोरची, धारेकडे तिरकी घासलेली बाजू. धारेपासून दोन-तीन सेंटिमीटरांच्या पट्ट्यात गंजानं पाडलेले खड्डे आहेत का? धार म्हणजे पाठ आणि उतार जिथे भेटतात ती रेषा. पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा असेल, तर उताराला कितीही दगड लावा, झिजत झिजत धार त्या खड्ड्यापाशी पोचली की तिथे खाच पडणार. ती खाच मग प्रत्येक छिललेल्या लाकडावर एक बारीक रेघ सोडत जाते. वर मुठीकडे मात्र वाटाण्याएवढे खड्डे असले तरी चालतील.

पाठ सपाट करायला जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यानं चिकटवा. पटाशीच्या पाठीवर धारेजवळ मार्करनं शाई फासा आणि पटाशी कागदावर पूर्ण टेकवून दहा वेळा मागे-पुढे करा. मग उलटून बघा. शाई गेली तिथे पोलाद टेकतंय, उरली तिथे खळगा आहे. शाई पुन्हा लावा, पुन्हा घासा. धारेलगतची शाई एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली की ४०० नंबरचा कागद घ्या, मग दगड. पाचपैकी चार पटाश्यांना अर्धा तास पुरेल. पाचवीला बहुधा अख्खी दुपार लागेल, तिला शेवटी घ्या. घासताना मूठ उचलली जाऊ देऊ नका. पाठ धारेपाशी एकदा गोल झाली की ती परत आणायला दुप्पट पोलाद झिजवावं लागतं.

उताराचं सोपं गणित सांगते. पंचवीस अंशांचा कोन हवा असेल तर उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या साधारण २.४ पट ठेवा, तीस अंशांना बरोबर दुप्पट. कोनमापक लागत नाही, पट्टी पुरते. मी २५ अंशांवर घासते आणि शेवटचे काही हात तीस अंशांवर मारते. उतार दगडावर नीट लागला की पाठीच्या बाजूला धारेवर बोट आडवं फिरवा, केस अडकल्यासारखी बारीक खरखर लागेल. ती धारेच्या सगळ्या लांबीभर लागेपर्यंत थांबायचं नाही. मग पाठ दगडावर सपाट ठेवून एक-दोन हलके हात, आणि ती खरखर गेली की झालं.

व्हिनेगरबद्दल म्हणाल तर आम्ल गंज खातं हे खरं, पण गंज संपल्यावर ते थांबत नाही, पोलाद खायला लागतं. एकदा मी एक जुनी रुंद पटाशी व्हिनेगरमध्ये घातली, दुसऱ्या कामात गुंतले आणि दोन दिवसांनी बाहेर काढली. अंग राखाडी, बारीक छिद्राछिद्रांचं झालं होतं आणि बनवणाऱ्याचा ठसा पार पुसला गेला होता. तो ठसा कोणाचा होता हे आता कधीच कळणार नाही. तेव्हा गंज फारच जाड असेल, तरच आम्ल. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, पुरतं. दर तासाला काढून घासून बघायचं. झाल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून चटकन कोरडं करायचं आणि लगेच तेल लावायचं, कारण उघडं पडलेलं पोलाद बघता बघता पुन्हा लाल होतं. ड्रिलवरचा तारेचा ब्रश मात्र धारदार हत्यारांना नकोच. कडा गोल होतात, ब्रशच्या तारा तुटून डोळ्याकडे उडतात, आणि खड्डे तसेच राहतात, फक्त चकाकायला लागतात.

प्रश्न : आजोबांच्या पटाशीवर इंग्रजीत "कास्ट स्टील" असा ठसा आहे. म्हणजे ती बिडाची आहे का? ठोकली तर तुटेल का?

नाही हो, उलट आहे. ओतीव लोखंडाशी, म्हणजे बिडाशी, तिचा संबंध नाही. त्या ठशाचा अर्थ, हे पोलाद मुशीत वितळवून ओतलं आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातलं पोलाद म्हणजे लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत दिवसेंदिवस तापवून त्यांत कार्बन मुरवलेला. तो कार्बन बाहेर जास्त आणि आत कमी मुरायचा, त्यामुळे पोलाद एकसारखं नसायचं. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगसाठी एकजीव पोलाद हवं होतं. १७४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफिल्डजवळ त्यानं ते मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतायची पद्धत बसवली. दक्षिण भारतातले कारागीर त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून बंद मुशीत पोलाद करत होते, हेही इथे सांगायला हवं. पुढे शेफिल्डचे हत्यारवाले अभिमानानं हा ठसा मारू लागले.

तुमच्या पटाशीचा उतार दगडावर नीट घासा आणि तिरप्या उजेडात बघा. पाठीकडे एक पातळ, उजळ थर दिसेल आणि त्याच्यावर जाड, मऊ राखाडी थर. दोन्हींच्या मध्ये एक रेषा असेल. जुन्या कित्येक पटाश्यांत महाग पोलादाचा पातळ पत्रा साध्या लोखंडावर भट्टीत ठोकून जोडलेला असतो. पोलाद धार धरतं आणि मागचं मऊ लोखंड ठोका सोसतं. ती रेषा दिसली तर पाठ जपून घासा, कारण चांगलं पोलाद तेवढंच आहे.

प्रश्न : ग्राइंडरवर धार लावताना टोक निळं झालं. काही बिघडलं का?

हो, तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, गेलं. साध्या कार्बन पोलादावर तापताना रंग चढतात : साधारण २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, अडीचशेच्या पुढे तपकिरी, मग जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. निळ्यापर्यंत गेलेलं टोक स्प्रिंगला चालेल, पण पटाशीची धार धरायला ते मऊ पडतं, दोन घावांत वळतं. निळा भाग बहुधा एक-दोन मिलिमीटरच असतो. तेवढा हळूहळू झिजवून टाका, मागचं पोलाद शाबूत आहे. या वेळी हलका दाब आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवणं. बोटाला चटका बसला तर थांबा.

प्रश्न : जुना लोखंडी रंधा दुरुस्त केला, पातं वस्तऱ्यासारखं केलं, तरी तो लाकडावर थरथरतो आणि ढलपी तोंडात अडकते. कंटाळून ठेवून दिलाय.

बाहेर काढा. पात्याचं काम तुम्ही केलंत, आता पात्याच्या शेजाऱ्यांकडे बघा.

पात्यावर जी लोखंडी टोपी बसते, ती पात्याला आवळा आणि जोडी उजेडासमोर धरा. दोघांच्या मधून उजेडाची तिरीप दिसली, तर तुमची ढलपी तिथेच शिरते आणि अडकते. टोपीची पुढची कड दगडावर घासून अशी बसवा की तिची अगदी पुढची रेषाच पात्याला टेकेल. टोपी धारेपासून एक मिलिमीटर मागे, आणि लाकूड उलट्या-सुलट्या रेषांचं असेल तर अर्धा. मग पातं काढून ज्या तिरक्या बैठकीवर ते बसतं ती खरवडून साफ करा. तिथे साठलेला भुसा, वाळलेलं तेल किंवा रंगाचा एखादा थेंबही पातं थरथरवायला पुरतो. बैठकीचे स्क्रू सैल असतील तर आवळा. ते हरवू मात्र नका. आज सगळीकडे दिसतो तो लोखंडी रंधा मुळात लेनर्ड बेली या अमेरिकी कारागिराच्या रचनेवर बेतलेला आहे. त्याची पेटंटं स्टॅन्ली कंपनीनं १८६९ मध्ये घेतली. त्या घराण्यातल्या रंध्यांचे बरेच आटे आजच्या प्रमाणातले नाहीत, नवा स्क्रू चटकन बसणार नाही.

एवढं करूनही जमलं नाही तरच तळ. पातं जागेवर नेहमीसारखं आवळून, पण धार आत ओढून ठेवा, कारण आवळल्यावर रंध्याचं अंग किंचित वाकतं आणि सपाट करायचा तो त्या अवस्थेतला तळ. तळावर पेन्सिलीनं जाळी काढा आणि काचेवरच्या १२० नंबरच्या कागदावर फिरवा. पुढचं टोक, तोंडाच्या अगदी पुढची पट्टी आणि मागचं टोक, इथल्या रेघा गेल्या की थांबा. मधल्या खळग्यांत पेन्सिल राहिली तर राहू द्या. आरशासारखा तळ करण्यात दोन-दोन दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या रंध्यानं लाकूड माझ्या रंध्यापेक्षा चांगलं तासलेलं पाहिलं नाही.

प्रश्न : हातकरवतीचे दात घासायला शिकायचंय. कुठून सुरुवात करू? करवत आईच्या वडिलांची आहे, बिघडवायची भीती वाटते.

या पत्रानं मला फार आनंद झाला, कारण करवत घासायला शिकणारे आता कमी भेटतात.

आधी करवत डोळ्यापाशी धरून दातांच्या रेषेवरून बघा. पातं सरळ असेल तर बाकी सगळं जमण्यासारखं आहे. जागच्या जागी मोडल्यासारखी घडी असेल तर ती जाणत्या हाताला दाखवा. दात निळे-काळे आणि पातं पांढरं असेल तर ती नव्या पद्धतीची, दात तापवून कडक केलेली करवत. तिच्यावर कानस नुसती घसरते, ती घासता येत नाही. आजोबांची करवत तशी नसावी.

पात्यावरचा गंज काढताना वॉटर पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा, रॉकेल लावा आणि लांबीच्या दिशेनं घासा. बोटांनी कागद दाबलात तर पात्यावर कोरलेलं बनवणाऱ्याचं नाव किंवा नक्षी पुसली जाईल. ठोकळा फक्त वरचा थर नेतो, कोरीव रेघा काळ्या राहतात.

आता दात. करवत दोन सरळ फळ्यांच्या मध्ये घट्ट आवळा, दात फळ्यांच्या वर पाच-सहा मिलिमीटरच दिसू द्या. कानस किंचाळली तर समजा पातं जास्त वर आलंय. पहिलं काम, सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीनं एक-दोनदा हलकी फिरवा. आता दिवा बाजूला घेऊन बघा, प्रत्येक दाताच्या टोकावर चकाकणारा ठिपका दिसेल. उंच दातावर मोठा, बुटक्यावर बारीक, आणि एखाद्यावर काहीच नाही. हे ठिपके तुमचे गुरू आहेत. तिकोनी कानस दोन दातांच्या मधल्या घळीत बसवा आणि पुढे ढकला, मागे आणताना उचला. दोन-तीन हात मारून ठिपका बघा. ठिपका जेमतेम नाहीसा होतो त्या क्षणी दात धारदार झालेला असतो. त्यानंतरचा प्रत्येक हात दाताला बुटका करतो. एक घळ सोडून एक अशा सगळ्या घळी एका बाजूनं घ्या, मग करवत फिरवून उरलेल्या दुसऱ्या बाजूनं. पहिल्या फेरीत ठिपका अर्धाच घालवायचा, कारण दुसरी फेरी उरलेला अर्धा खाणार आहे. ही गोष्ट सांगूनही विसरली जाते, म्हणून खडूनं फळीवर लिहून ठेवा.

लाकूड उभं, म्हणजे रेषांच्या दिशेनं चिरायची करवत असेल तर दाताची पुढची बाजू जवळजवळ उभी असते आणि कानस पात्याला काटकोनात चालते. आडवं कापायच्या करवतीत दात मागे कललेले, साधारण पंधरा अंश, आणि कानसही वीसेक अंश तिरकी धरावी लागते, म्हणजे दाताला चाकूसारखी कड येते. तुमच्या करवतीचे मुठीजवळचे दात बघा, ते सहसा कमी झिजतात. मूळ दात कसा होता ते तेच सांगतील.

दात एकाआड एक डावी-उजवीकडे वळवण्याच्या फंदात पहिल्या वेळी पडू नका. जुन्या करवतीत तेवढी फाकवण बहुधा शिल्लक असते. पुढे कधी वळवावे लागलेच तर दाताचा फक्त वरचा अर्धा भाग आणि एकाच दिशेला. इकडून तिकडे वाकवलेला दात मुळात तुटतो. शेवटी पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा आणि एक ओंडका कापून बघा. आवाजच बदललेला असेल.

प्रश्न : कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर हलतं. वापरायच्या आधी पाण्यात बुडवून ठेवतो, मग घट्ट बसतं. पण दर वेळी जास्त वेळ भिजवावी लागते.

लागणारच. ओलं लाकूड फुगतं, पण लोखंडाचं भोक फुगत नाही, तेव्हा लाकडाचे तंतू आतल्या आत चिरडले जातात. वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा बारीक होतो. तुमची कुऱ्हाड दर खेपेला थोडी अधिक सैल होतेय, आणि सैल कुऱ्हाडीचं पातं एक दिवस उडतं. आजपासून भिजवणं बंद.

दांडा चांगला असेल, म्हणजे लाकडाच्या रेषा त्याच्या लांबीभर धावत असतील आणि कुठे तडा नसेल, तर तोच परत बसवा. जुनी पाचर काढा, वरचा चेचलेला भाग तासून टाका, दांडा खाली भोकात बसतो तिथे थोडा उतरता करा. मग कुऱ्हाड पातं खाली करून एका हातात दांड्यानं लोंबती धरा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरी मारा. पातं पडेल असं वाटतं, पण ते जड असल्यामुळे जागचं हलत नाही आणि दांडा त्याच्यात घुसत जातो, प्रत्येक ठोक्याला दोन-तीन मिलिमीटर. मुलांना हे दाखवलं की वर्ग गप्प व्हायचा. दांडा दुसऱ्या बाजूनं थोडा बाहेर आला की चिरेत कोरड्या कडक लाकडाची नवी पाचर ठोका.

दांड्याला जवसाचं तेल लावा, पातळ हातानं, जादा पुसून. पण ज्या फडक्यानं पुसलंत ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

प्रश्न : विजेनं गंज काढण्याचं ऐकलंय. बॅटरी चार्जर आणि स्टीलचा जुना डबा घरात आहे. करू का?

स्टेनलेस स्टीलचा डबा वापरू नका. त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतं. साध्या लोखंडाचा तुकडा घ्या आणि तो चार्जरच्या धन टोकाला जोडा, हत्यार ऋण टोकाला. उलट जोडलंत तर हत्यारच झिजेल. प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाणी, एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बुडबुड्यांतून हायड्रोजन येतो, म्हणून हे उघड्या हवेत करायचं, जवळ ठिणगी नको. हात घालण्याआधी चार्जर बंद.

प्रश्न : वडील गेले. त्यांच्या रंध्याची मागची मूठ तडकलेली आहे आणि तिच्यावर त्यांनी तांब्याची तार गुंडाळलेली आहे, अगदी जवळजवळ, सव्वीस फेरे. रंधा मला वापरायचा आहे. तार काढून मूठ चिकटवू, की नवी बसवू? मुलगा म्हणतो नवीच बसव.

सव्वीस मोजलेत, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे, फक्त कुणीतरी परवानगी द्यायला हवी आहे. तरी आधी एक तपासा. रंधा टेबलावर ठेवा, मूठ नेहमीसारखी धरा आणि पुढे दाबा, मग डावी-उजवीकडे. तडा उघडमीट करत नसेल, कुठे कुरकुर ऐकू येत नसेल, तर तारेला हात लावू नका. कापडाच्या टोकावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घेऊन फेऱ्यांवरून फिरवा, आणि मुठीतून खाली जाणारा लांब स्क्रू पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नाही. तडा तिथूनच वाढतो.

मूठ हलत असेल तर तार उलगडायची, पण तोडायची नाही. एक टोक शोधा, ते बहुधा शेवटच्या फेऱ्याखाली खुपसलेलं असेल. उलगडताना पेन्सिलीवर गुंडाळत चला, म्हणजे तिला नवा बाक पडणार नाही. तड्यात पातळ सरस भरा, मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळा आणि चोवीस तास ठेवा. मग तीच तार, त्याच जागी, मुठीवर तिनं पाडलेल्या खुणा बघत परत गुंडाळा. पहिले चार-पाच फेरे सैल वाटतील. मुलाला दुसरं टोक ताणून धरायला सांगा.